शंभर खुणांची पट्टी

गायकर भाऊंना चुकीचं उत्तर चालायचं. नुसतं चालायचं नाही, ते त्याचं स्वागत करायचे. हात पुसत पुढे यायचे आणि "दाखव, दाखव" म्हणायचे, जसं कोणी घरून डब्यात काहीतरी चांगलंचुंगलं आणलंय. त्यांना चालायचं नाही ते बरोबर उत्तर, जर ते मोजण्याआधीच वहीत लिहिलेलं असेल तर. आणि उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या तीन मजली ज्युनिअर कॉलेजात जवळजवळ सगळ्यांची उत्तरं मोजण्याआधीच लिहिलेली असायची.

मी अंबरनाथहून यायचे. वडील एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑफिसर, शाळा कॉन्व्हेंट. तिथे दहा वर्षांत मी सगळ्यात चांगलं काय शिकले असेन, तर गप्प बसणं. फिजिक्सच्या व्याख्या मला इंग्रजीत स्वल्पविरामासकट पाठ होत्या. त्यांचा अर्थ काय, हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

फिजिक्सचे तास दुसऱ्या मजल्यावर केसवानी मॅडम घ्यायच्या. त्या विभागप्रमुख होत्या. फळ्यावर सुंदर अक्षरात सिद्धता लिहायच्या आणि तास संपल्यावर हातांना क्रीम लावायच्या. प्रयोगशाळा तळमजल्यावर, सायकल स्टँडला लागून होती. तिथे गायकर भाऊ होते, लॅब असिस्टंट. बुटके, काटक, केसांना भरपूर तेल. आधी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते, तो बंद पडल्यावर इकडे आले. बीएस्सीची दोन वर्षं केलेली, तिसरं राहिलेलं. बदलापूरच्या पलीकडे नदीकाठी गाव, तिथे घरची भातशेती. पँटच्या डाव्या खिशात दोरा, शिशाचा ओळंबा आणि चिंचा असायच्या, उजव्या खिशात फिटर असतानाची स्टीलची टेप. चिंचा कधीकधी चुकून उजव्या खिशात जायच्या आणि मग टेप चिकट व्हायची.

पहिल्या प्रॅक्टिकलला मी त्यांना "अंकल" म्हणाले. त्यांनी मागे वळून पाहिलं, कोणी म्हातारा आलाय का ते.

"अंकल नको," ते म्हणाले. "सर पन नको, सर वरच्या मजल्यावर भेटतात. भाऊ म्हन. आता सांग, या स्प्रिंगला शंभर ग्रॅम लावलं तर किती लांबंल?"

मी म्हटलं, अजून मोजलं नाही.

"मोजलं नाय म्हनून तर इचारतो. मोजल्यावर काय, ही भिंत पन सांगंल. पयला अंदाज बोल."

हा त्यांचा नियम होता. अंदाज सांगितल्याशिवाय ते उपकरणाला हात लावू द्यायचे नाहीत. अंदाज जवळ गेला तर एक चिंच. लांब गेला तर बाकं पुसायची. अंदाज दिलाच नाही तर काहीच नाही, ते नुसते समोर उभे राहायचे, आणि ते सगळ्यात वाईट. माझ्यासारख्या मुलीला चुकण्यापेक्षा बोलण्याची भीती जास्त. त्या दिवशी ते माझ्यासमोर इतका वेळ उभे राहिले, की मी शेवटी "दोन सेंटिमीटर" असं स्प्रिंगलाच सांगितल्यासारखं पुटपुटले. सात आलं. मी बाकं पुसली. पण त्या दिवसापासून स्प्रिंग ताणताना मला ती किती ताणणार याची उत्सुकता वाटायला लागली, जी व्याख्या पाठ असताना कधीच वाटली नव्हती.

भाऊंच्या आयुष्यात तेव्हा एकच प्रश्न होता, आणि तो आम्हा सगळ्यांना माहीत होता, कारण ते स्वतःच तो सगळ्यांना सांगायचे. ते टेम्पररी होते. दर एप्रिलला त्यांना सेवा संपल्याचं पत्र मिळायचं आणि दर जूनला नव्याने नेमल्याचं. आठ वर्षं हे चाललं होतं. गावात सासरे भेटले की कसा आहेस असं विचारायचे नाहीत, "कायम झालास का?" असं विचारायचे.

"ऊर्जा कायम असते," भाऊ आम्हाला सांगायचे. "संवेग कायम असतो. बाहेरून कोनी ढकललं नाय तर. शिपाई पन कायम असतो. लॅब असिस्टंटचा नियम अजून शोधायचा हाय."

एकदा ते वजनांची लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन कपाटापासून खिडकीपर्यंत चालत गेले आणि घाम पुसत म्हणाले, "सांगा, गुरुत्वाकर्षनाच्या विरुद्ध किती काम केलं मी?"

हरेश आमच्या वर्गातला सगळ्यात चलाख मुलगा. कॅम्प तीनमध्ये त्याच्या काकांचा जीन्स शिवायचा कारखाना होता. तो म्हणाला, "झिरो, भाऊ. हाइट चेंज नाही झाली."

"शाब्बास. तसं लिहून दे. मॅडम पन माझ्याबद्दल हेच म्हनतात, त्यांना कारन सापडत नव्हतं."

अंबरनाथ स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळायची. कधीकधी मी आणि भाऊ एकाच रिक्षात असायचो. एके दिवशी मी उजव्या कोपऱ्यात, भाऊ डावीकडे आणि मध्ये एक जाडजूड सिंधी शेठ, मांडीवर कापडाचा गठ्ठा. रिक्षाने डावीकडे जोरात वळण घेतलं आणि शेठ गठ्ठ्यासकट माझ्यावर आले.

"माफ करना, बेटा," शेठ म्हणाले.

मी मान हलवली. तेवढंच मला जमायचं. पण भाऊंनी संधी सोडली नाही.

"शेठ, तुम्हाला कोनी ढकललं?"

शेठ घाबरले. त्यांना वाटलं, मुलीच्या बाजूचं कोणी भांडायला उठलंय. "नहीं साईं, कसम से, किसी ने नहीं. मैं तो सीधा जा रहा था. रिक्षा मुड़ गई."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू रिक्षात देव प्रकट झालाय. "ऐकलंस? मी सरळ चाललो व्हतो, रिक्षा वळली. मॅडमना याला अडीच पानं लागतात आनि वर सूडो फोर्स, म्हंजे नसलेलं बल. शेठ, शिकलात किती?"

"दूसरी तक. सिंध में."

"बरोबर. पुढं शिकला असता तर चुकीचं सांगितलं असतं."

शेठना काही कळलं नाही, पण खूश झाले. उतरताना त्यांनी भाऊंना दुकानाचा पत्ता दिला आणि पँटपीस स्वस्तात देतो म्हणाले.

आता दोलकाची गोष्ट. अकरावीला साध्या दोलकाचा प्रयोग असतो. दोऱ्याला लोखंडी गोळा टांगायचा, दोऱ्याची लांबी मोजायची, वीस हेलकाव्यांना लागलेला वेळ घ्यायचा आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. तो आकडा सेंटिमीटरांत नऊशे ऐंशी येतो. सगळ्या जगाला माहीत आहे नऊशे ऐंशी येतो, आणि खरी अडचण तीच आहे.

आमच्या कॉलेजात जर्नलची एक वंशावळ होती. बारावीची मुलं आपलं जर्नल अकरावीच्यांना द्यायची, त्यांनी ते उतरवायचं आणि पुढच्या वर्षीच्यांना द्यायचं. यात इतकी निष्ठा होती, की तिसऱ्या ओळीत कधीकाळी कोणाच्या तरी हातून बत्तीसच्या जागी तेवीस लिहिलं गेलं होतं, ते दर वर्षी तेवीसच उतरत आलं होतं. त्या वर्षी मूळ प्रत हरेशकडे होती, खाकी कव्हर घातलेली. ती मिळवायला हरेशला फक्त विचारायचं होतं. पण मी हरेशला किती वाजले हेही कधी विचारलं नव्हतं.

म्हणून मी प्रयोग केला. यात सचोटी वगैरे काही नव्हती, नुसता लाजाळूपणा होता.

लाकडी मीटरपट्टी घेतली, दोरा बरोबर शंभर सेंटिमीटर केला, वीस हेलकावे मोजले. एकोणचाळीस पॉइंट एक सेकंद. गणित केलं. एक हजार एकतीस आलं. वही मिटली आणि पुन्हा उघडली, मधल्या वेळात आकडा सुधारेल म्हणून. तो सुधारला नव्हता.

"अरे, टेन्शन कायको लेती है?" हरेश पलीकडून म्हणाला. "नाइन-एटी लिख और चल."

भाऊ हात पुसत आले. "दाखव, दाखव."

मी वही फिरवली. त्यांनी आकडा वाचला आणि हळूच स्टुलावर बसले. मला वाटलं त्यांना बरं वाटत नाही.

"परत कर," ते म्हणाले. "ऐंशीवर कर. मग साठवर."

मी केलं. प्रत्येक वेळी एक हजार तीसच्या आसपास. तिसऱ्या आकड्याला त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्यांनी उजव्या खिशातून स्टीलची टेप काढली, चिंच झटकली आणि ती माझ्या मीटरपट्टीशेजारी बाकावर पसरली. पट्टीवरचा शंभर हा आकडा टेपच्या पंच्याण्णवापाशी येऊन संपत होता.

भाऊ इतके हसले, की त्यांना पाणी प्यावं लागलं.

मग त्यांनी सांगितलं. कॉलेज नवीन होतं तेव्हा वीस मीटरपट्ट्या हव्या होत्या. कॅम्प चारमधल्याच एका सुतारमिस्त्रीला सांगितलं, नमुन्याला एक पट्टी दिली. पट्ट्या ठेवायचं कपाट आधीच आलेलं होतं, आणि त्याच्या फळ्या पाच सेंटिमीटर आखूड निघाल्या. मॅडमनी मिस्त्रीला एकच सांगितलं, कपाट में आना चाहिए. मिस्त्री म्हणाला, आएगा. आणि आठवड्याने वीस पट्ट्या घेऊन आला, पॉलिश केलेल्या, कपाटात अगदी मापात बसणाऱ्या, प्रत्येकीवर सुबक काळ्या शंभर खुणा.

"मी टेप लावली," भाऊ म्हणाले. "म्हटलं, मिस्त्री, ही पंच्याण्णव हाय. त्याला राग आला. म्हनतो, 'गिन लो साब, पूरे सौ हैं. एक भी कम निकला तो बीस के बीस वापस.' मी मोजल्या. खरंच एक पन कमी नाय. मानूस सच्चा व्हता."

"मग मॅडमना सांगितलं नाही?" माझ्या तोंडून निघालं. मी त्यांना विचारलेला हा पहिलाच प्रश्न असावा.

"सांगितलं तर. त्या म्हनल्या, बच्चों का आन्सर तो नाइन-एटी आ रहा है ना? मी जर्नलं बघितली. सगळ्यांचं नऊशे ऐंशी. आता बोल, वर्गच्या वर्ग एका बाजूला आनि मी एका बाजूला." त्यांनी टेप गुंडाळली. "परत नाय बोललो. टेम्पररी मानसानं एकदा सांगावं. दोनदा सांगितलं की जून येत नाय."

"पण मग सगळे प्रयोग..."

"सगळे नाय. तारेचा रोध मोजायच्या मीटर ब्रिजमध्ये दोन लांब्यांचं गुनोत्तर असतं, तिथं पट्टी खोटी असली तरी उत्तर खरं येतं. बाकी आपल्या कॉलेजात पृथ्वी जरा जास्त ओढते आनि आवाज जरा जोरात पळतो. त्यानं कोनाचं अडलं नाय. आठ वर्षं मी वाट बघतोय, एक तरी पोर हजाराच्या वर जाईल म्हनून."

मी त्यांना खरं सांगितलं, की मला जर्नल मागायला लाज वाटली म्हणून हे झालं.

"झालं ना?" ते म्हणाले. "गोळ्याला कुठं ठाऊक, तू का मोजतेस."

जर्नलमध्ये मी एक हजार एकतीसच लिहिलं. मॅडमनी त्यावर लाल शाईने 'गणित तपासा' असा शेरा मारून दहापैकी पाच दिले. हरेशला नऊ मिळाले. भाऊंनी माझा तो शेरा मोठ्या कौतुकाने दोनदा वाचला. पुढेही भिंगाचं, ध्वनीचं, जे काही पट्टीवर येईल ते मी आलं तसंच लिहीत गेले आणि पाचावर राहिले. पाच गुणांची मला सवय झाली. चिंचा मात्र बऱ्यापैकी मिळाल्या.

बारावीच्या जानेवारीत कॉलेजला कमिटी येणार असं कळलं. विज्ञानाची तुकडी वाढवायची होती. प्रयोगशाळा नीट आहे असं कमिटीने लिहिलं, तर लॅब असिस्टंटची जागा कायम होणार होती. मॅडमनी स्वतः भाऊंना सांगितलं, "गायकर, इस बार तुम्हारा हो जाएगा." भाऊंनी भिंतींना चुना लावला, स्टॉपवॉच कॅम्प तीनच्या घड्याळवाल्याकडून साफ करून आणली. चिंचा आणणं बंद केलं. तो काळ आम्हाला अवघड गेला, कारण ते विनोदही करेनासे झाले.

कमिटीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला थांबवलं. मी दप्तर भरत होते.

"पोरी, एक काम हाय." ते अंगठ्याच्या नखाकडे बघत होते. "उद्या मॅडमनी मीटर ब्रिज ठेवायला सांगितलाय. दोलक कपाटात. हरेश करनार. पन समजा कोनी काढलाच दोलक, आनि समजा तुलाच सांगितलं."

मी दप्तराचा बंद ओढून घेतला.

"तर नऊशे ऐंशी लिही," ते म्हणाले. "एक दिवस."

मी हो म्हटलं. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडून मागितलेली ती एकच गोष्ट होती, आणि ती त्यांनी मागायला नको होती, हे आम्हा दोघांना कळत होतं.

कमिटीत तीन माणसं होती. दोघं कागद बघत वरच बसले. तिसरे सबनीस नावाचे निवृत्त प्राध्यापक, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, ते खाली आले. मॅडम त्यांच्यामागे. हरेशने मीटर ब्रिजवर हात ठेवून तयार उभा राहण्याचा अभिनय सुरू केला होता.

"हा राहू द्या," सबनीस म्हणाले. "हा सगळीकडे बरोबर येतो. दोलक कुठाय?"

"सर, वो अभी रिपेअर में..." मॅडम म्हणाल्या.

"गोळा आणि दोरा. त्यात रिपेअर काय करता?" त्यांनी भिंतीतल्या हुकाकडे बोट दाखवलं. "आणा. ती शेवटच्या बाकावरची मुलगी करेल."

माझं नाव त्यांना दोनदा विचारावं लागलं. भाऊंनी दोलक आणून दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बाक पुसत राहिले, जे आधीच पुसलेलं होतं.

मी दोरा शंभरवर केला. हेलकावे मोजले. नऊशे ऐंशी येण्यासाठी वेळ चाळीस सेकंदांच्या थोडा वर यायला हवा होता. मी मनात गणित करून ठेवलेलं होतं, मी चाळीस पॉइंट एक म्हणणार होते. पण सबनीस स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळात बघत होते, आणि मी तोंड उघडण्याआधी तेच म्हणाले, "एकोणचाळीस आले मला. तुला?"

"एकोणचाळीस पॉइंट एक," मी म्हटलं.

मग गणित. पाठकोऱ्या कागदावर एक हजार एकतीस आलं. मी त्यावर हात ठेवला आणि शेजारी स्वच्छ कागदावर लिहिलं, नऊशे ऐंशी.

सबनीसांनी कागद उचलला. मग माझा हात अलगद बाजूला करून दुसराही उचलला.

"लांबी शंभर, वेळ हा. यातून नऊशे ऐंशी कसं आलं, बेटा?"

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. हरेश छताकडे बघत होता. मॅडम माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी एकटीनेच आजवर खोटं लिहिलंय. मला उत्तर माहीत होतं आणि ते दिलं तर काय होईल हेही माहीत होतं, म्हणून मी जे मला सगळ्यात चांगलं जमतं ते केलं. गप्प बसले.

"कॉपी करायची सवय आहे," सबनीस मॅडमना म्हणाले. "नाव लिहून घ्या हिचं."

बाकावरचं फडकं थांबलं.

"साहेब, तिचं नाव नका लिहू," भाऊ म्हणाले. "आकडा मी सांगितला व्हता लिहायला. पोरगी दीड वर्ष खरं लिहून पाच मार्क घेतीय. पट्टी खोटी हाय. पंच्याण्णवची हाय."

"गायकर," मॅडम म्हणाल्या.

भाऊंनी खिशातून टेप काढली आणि सबनीसांच्या हातात दिली. सबनीसांनी मोजलं. दुसरी पट्टी मागवून मोजली. मग तिसरी. मग त्यांनी चष्मा काढला आणि पट्टीवरच्या खुणा बोटाने मोजायला लागले.

"शंभर आहेत," भाऊ म्हणाले. "ते मिस्त्रीचं बरोबर हाय."

सबनीसांनी जुनी जर्नलं मागवली. ढीग आला. त्यांनी वरची चारपाच उघडली. नऊशे ऐंशी. नऊशे ऐंशी. नऊशे एकोणऐंशी, हा कोणी धाडसी असावा. तिसऱ्या ओळीतलं तेवीसही त्यांना प्रत्येकात भेटलं.

"म्हणजे पट्टी खोटी," ते सावकाश म्हणाले, "आणि इतकी वर्षं सगळ्यांचं उत्तर बरोबर."

मॅडमनी हातातला रुमाल सरळ केला. "सर, हमारे बच्चे बहोत इंटेलिजंट हैं."

सबनीस भाऊंकडे वळले. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पयल्या वर्षापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो ना, एकदा." दोन आठवड्यांनी पहिल्यांदा भाऊंच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "पट्टी डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली हाय, साहेब. ती परमनंट. मी टेम्पररी."

सबनीसांना हसू आवरेना. ते स्टुलावर बसले. पण त्यांनी खिशातलं पेन काढून जे काही लिहायचं ते लिहिलंच, आणि बराच वेळ लिहिलं. भाऊ समोर उभे होते. पेन थांबल्यावर त्यांनी टेप परत मागून घेतली.

फेब्रुवारीत परीक्षेच्या आधी नव्या पट्ट्या आल्या. त्या कपाटात मावल्या नाहीत, दाराजवळ छत्र्यांबरोबर उभ्या राहिल्या. एप्रिलमध्ये भाऊंना नेहमीचं पत्र मिळालं, सेवा संपल्याचं. ते मला त्यांच्याकडूनच कळलं, परीक्षा संपल्यावर वहीवरची राहिलेली सही घ्यायला गेले तेव्हा. मला काहीतरी बोलायचं होतं. कागदावर तो आकडा लिहिल्याबद्दल, किंवा तो नीट लिहिता न आल्याबद्दल, यातलं नेमकं कशाबद्दल ते ठरेना. मी वही पुढे केली, त्यांनी सही केली, मी निघाले.

निकालानंतर जूनमध्ये मी लीव्हिंग सर्टिफिकेट घ्यायला गेले. ऑफिसच्या खिडकीपाशी हरेश पुढे होता. मी काही विचारलं नाही, पण हरेशने सांगायला कोणी विचारायची गरज नसते.

"गायकर कायम झाला, माहितेय? तो सबनीस अडून बसला म्हणे, ह्या माणसाला काढायचं नाही. मॅनेजमेंट बोलली, डिग्री नाही, असिस्टंट कसा करणार. मग सेटिंग झालं. शिपाई. कायम शिपाई." त्याने कागद घडी करून खिशात घातला. "लॅबमध्ये नवीन माणूस आलाय, बीएस्सी. हा आता फायली नेतो आणि बेल वाजवतो."

सर्टिफिकेट घेऊन मी पायऱ्या उतरले. पोर्चच्या कोपऱ्यात तारेने टांगलेला रुळाचा तुकडा होता, तीच आमची बेल. तिथे भाऊ उभे होते, नवीन खाकीत. शर्ट खांद्यांवरून उतरत होता आणि बाह्या दोनदा दुमडलेल्या होत्या. समोर अकरावीच्या दोन मुली होत्या, नव्या, दप्तरं अजून पाठीलाच. तास संपायची वेळ होऊन गेली होती. वर्गांतून बाकं सरकवल्याचे आवाज येत होते.

भाऊंनी रुळावर हळूच टोला मारला आणि एका मुलीचं बोट धरून मधोमध ठेवलं. आवाज तिथल्या तिथे मेला. त्यांनी पुन्हा टोला मारला आणि बोट टोकाकडे थोडं सरकवलं. आता आवाज तसाच राहिला, बोट लावलेलं असूनही. ती मुलगी बोटाकडे बघायला लागली.

"गायकर," दुसऱ्या मजल्यावरून केसवानी मॅडमचा आवाज आला, "बेल."

भाऊंनी वर न बघता एक हात उचलला, थांबा म्हणून. दुसऱ्या मुलीने दप्तर खाली ठेवलं होतं आणि तीही वाकून रुळावर जागा शोधत होती.